कळपात आलेलं बदक

नकोशीला आपल्या नावाची लाज कधी वाटली नाही. चार बहिणींच्या पाठीवर पाचवी झाली म्हणून आजीनं ते नाव ठेवलं, आणि नावानं आपलं काम चोख बजावलं. तिच्या पाठीवर लागोपाठ दोन भाऊ झाले. "माझ्या नावावर आलायसा दोघं," असं ती त्यांना दर राखीला ऐकवायची, आणि ओवाळणीत हात आखडला तर दुसऱ्यांदा ऐकवायची.

लग्नात मात्र त्या नावावरून बराच कालवा झाला. वरकुट्याच्या मंडळींना, म्हणजे सासरच्या, हे नाव पत्रिकेत छापतानाच घाम फुटला होता. नवरदेवाची, म्हणजे दादासोची आत्या तर मांडवातच हटून बसली. सून आणायची, आणि उंबऱ्यातनं आत घेताना नकोशी म्हणून हाक मारायची? नाव बदला, काहीतरी लक्ष्मी-बिक्ष्मी ठेवा. जो तो आपापलं नाव सुचवू लागला. शेवटी दादासोचे वडील मानसिंग, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणते, खांद्यावरचं घोंगडं सावरत उठले आणि त्यांनी सरळ नवरीलाच विचारलं, "बाय, तुला काय पायजे?"

नवरीला कोण विचारतं असलं काही! नकोशी गडबडली. मग मुंडावळ्यांच्या आडून म्हणाली, "हाय ते ऱ्हाऊ द्या."

"मग ऱ्हाईलं," आबा म्हणाले. "कळपात आलेल्याला हाकलायचं न्हाय. आलंय तसं घ्यायचं, नावासकट."

आत्याबाई आठ दिवस फुगून बसल्या. नकोशीनं मात्र त्या एका वाक्यावर सासरची बावीस वर्षं आनंदात काढली.

आबांचं कळपाचं बोलणं तोंडदेखलं नव्हतं. माणसानं आयुष्याची चाळीस वर्षं मेंढरांमागं काढली होती. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, उचलायचा, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. त्या चाळीस वर्षांत त्यांनी दोन गोष्टी पाळल्या. चुकून कळपात शिरलेलं दुसऱ्याचं कोकरू हाकलायचं नाही. मालक भेटला तर द्यायचं, नाही तर आपलं म्हणून वाढवायचं. आणि दुसरी म्हणजे, जे अशक्त असेल, मान टाकत असेल, त्याला कडेला नाही ठेवायचं. कळपाच्या बरोबर मध्ये ठेवायचं. "डागदराच्या सुईपरीस शंभर अंगांची ऊब भारी," असं ते म्हणत, आणि अशी कितीतरी कोकरं त्यांनी जगवली होती.

पुढं कालव्याचं पाणी फिरलं, माळावर ऊस आला आणि मेंढरांना चरायला बांधसुद्धा उरला नाही. मेंढरं गेली. रात्री मेंढरं कोंडायची जाळी, तिला वाघर म्हणतात, ती तेवढी आबांनी घडी घालून माळ्यावर ठेवली. दादासो बारामतीला कंपनीत लागला. आणि नकोशीनं बचत गटातल्या बायांबरोबर चार दिवसांचं शिक्षण घेऊन घरामागं कोंबड्यांची शेड घातली. बाराशे पक्षी. पहाटे ती दार उघडायची आणि आत जाताजाता जिभेनं टक्-टक् करायची, की बाराशे माना एकदम वर व्हायच्या. एवढा मान तर सरपंचालाही मिळत नाही.

शेडच्या मागं शेततळं होतं. थंडी पडली की उजनीच्या धरणावरनं बदकं तिथं उतरायची. भिगवणला लोक गळ्यात कॅमेरे अडकवून पाखरं बघायला येतात; वरकुट्यात पाखरंच माणसं बघायला येतात, असं आबांचं म्हणणं. मेंढरं गेल्यापासून म्हातारा संध्याकाळी तळ्याच्या कडेला बसून ती बदकं मोजायचा. मोजायची सवय होती, दुसरं काय.

जानेवारीतली गोष्ट. नकोशी सकाळी खाद्याची बादली घेऊन शेडमध्ये शिरली, तर आबा मधोमध उकिडवे बसलेले. पुढ्यात भाताच्या तुसात एक लहानसं पिंगट बदक, पंखावर हिरवा पट्टा, मान एका अंगाला कललेली. भोवतीनं कोंबड्यांचा घोळका, पाहुणा बघायला जमल्यासारखा.

"आबा, हे वो काय?"

"तळ्याच्या काठाला पडलं हुतं. मान धरंना. लई लांबनं आलंय बिचारं, थंडीनं गारठलंय." आबांनी बोटानं त्याच्या चोचीवर पाण्याचा थेंब सोडला. "मधी ठिवलंय. दोन दिसात उठतंय बघ."

शेडच्या दारावर एक कागद चिकटवला होता. बाहेरचं माणूस, जनावर, पाखरू आत येऊ देऊ नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. कागद नकोशीनंच चिकटवला होता, स्वतः खळ करून. तो तिला आत्ता आठवलाही. पण आबांचा चेहरा! मेंढरं गेल्यावर तो चेहरा तिनं बघितलाच नव्हता. कुणीतरी आपल्यावाचून मरेल असं वाटल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते, एकदम कामाचे. तिच्यानं नाही म्हणवलं नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हणून तिनं बादली रिकामी केली.

दोन दिवसांनी बदक मेलं. आबांनी बाभळीखाली खड्डा खणून त्याला पुरलं आणि त्या दुपारी ते जेवले नाहीत.

त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे नकोशीनं टक्-टक् केलं आणि निम्म्याच माना वर झाल्या. बारा कोंबड्या मरून पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साठ. तुरे काळेनिळे पडलेले, खाद्याला तोंड नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मोजणं सोडलं आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन केला.

तिथल्या डॉक्टर म्हणजे रश्मी, तिशीतली मुलगी, इंदापूरची. बोलणं कमी, हात चपळ. तिनं नमुने घेतले, दाराला दोरी बांधली, कुणी आत-बाहेर करायचं नाही म्हणून सांगितलं. चार दिवसांनी ती परत आली तेव्हा गाडीतनं उतरतानाच नकोशीला कळलं. बर्ड फ्लू. शेडमधले उरलेले सगळे पक्षी मारावे लागणार होते, आणि भोवतालच्या एक किलोमीटरातलेसुद्धा.

रश्मीनं तिला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, रानातलं पाखरू शेडमध्ये आलं होतं का? खरं सांगा. तुम्हाला शिक्षा करायला विचारत नाहीये."

नकोशीनं सगळं सांगितलं. सांगताना बाभळीकडं बघितलं नाही, कारण आबा तिथंच बसले होते.

"त्या बदकामुळंच झालं असं मी छातीठोक नाही सांगू शकत," रश्मी म्हणाली. "तळ्याचं पाणी तुम्ही कोंबड्यांना पाजत होता. त्या पाण्यात बदकांची विष्ठा पडते, तिच्यातनंही येतं. पण आजारी पाखरू कोंबड्यांच्या मधोमध ठेवलं, म्हणजे..." तिनं वाक्य तिथंच सोडलं.

"मॅडम, आबांस्नी हे सांगू नगा. हात जोडते. त्यांचा जीव जाईल."

"नाही सांगितलं तर ते पुन्हा तेच करतील, ताई."

"मी हाय ना. मी बगते."

सांगायचं की नाही ते रश्मीनं घरच्यांवर सोडलं.

पांढरे अंगरखे घातलेली माणसं आली आणि दुपारपर्यंत शेड रिकामी झाली. मग ती माणसं वस्तीवर गेली. तात्याबाचा कोंबडा, ज्याच्या आरवण्यावर निम्मी वस्ती उठायची, मनिषाच्या दारातल्या पाच गावरान कोंबड्या, सगळं गेलं. मनिषा भांडली नाही, नुसती दारात उभी राहून रडली, आणि ते नकोशीला भांडणापेक्षा जड गेलं. पुढं दहा दिवस आरोग्य केंद्राची माणसं येऊन घरातल्यांचा ताप तपासून जात. ताप कुणालाच नव्हता. पण नकोशी पहाटे पाचला उठायची, शेडच्या दारापर्यंत जायची आणि जीभ टाळ्याला लावून तशीच परत यायची.

एके दिवशी आबांनी विचारलंच. "बाय, ते बदक... त्याच्यापायी तर न्हाय झालं?"

"छे वो! काय बी काय! खाद्याच्या गाडीतनं आलं आसंल. डॉक्टरबाईच म्हनल्या."

आबांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की तिला आपण फार पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण तिला पाठ होती. पण म्हणी पाठ असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

महिनाभरानं दोऱ्या सुटल्या, येण्याजाण्याला मोकळीक मिळाली. रिकाम्या शेडपुढं आबा नुसते बसून राहायचे, म्हणून दादासो त्यांना कळंबला सोडून आला, त्यांच्या लेकीकडं. छकुली नकोशीची धाकटी नणंद. वहिनीचं बघून तिनंही घरामागं शेड घातलेली, आठशे पक्ष्यांची. तिकडं आजार नव्हता. चार दिवस पोरांत करमेल, असा विचार.

तिसऱ्याच दिवशी दुपारी छकुलीचा फोन आला. हसत होती. "वयनी, आबांचं काय सांगू! सकाळी कालव्याकडं गेले आन येताना धोतराच्या सोग्यात बगळा घिऊन आले. पंख लोंबतोय त्याचा. आता म्हंत्यात, शेडमधी कोंबड्यांच्या मधी ठिवू, ऊब लागंल."

नकोशीच्या हातातलं पिठाचं भांडं खाली आलं.

"छकू! ठिवू दिऊ नगंस! आत न्हिऊ दिऊ नगंस त्यांना! बगळा भाईरच ठेव, डालग्याखाली, आन हात साबनानं धू. मी आलेच."

"अगं पन झालं काय?"

"मी आले म्हनलं ना!"

दादासो बारामतीला ड्यूटीवर होता. नकोशीनं स्कूटी काढली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, एक ओलांडावी तर पुढं दुसरी. सगळ्या रस्त्यानं तिच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं: छकुलीची शेड, आणि पहाटे निम्म्याच वर झालेल्या माना. आबांनी केलं ते अजाणता केलं. पण मी? मला ठाऊक होतं, असं ती मोठ्यानं म्हणाली, ट्रॉलीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

कळंबला पोचली तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. अंगणात डालगं पालथं घातलेलं, त्याखाली बगळा. शेडचं दार बंद होतं आणि दारापुढं छकुली झाडू घेऊन उभी होती, पहाऱ्याला बसवल्यासारखी. आबांना काही उमगत नव्हतं.

"काय गं बाय, एवढी धापा टाकत?"

नकोशी त्यांच्या पायाशी खालीच बसली. रस्त्यानं जुळवलेलं सगळं बोलणं विसरली आणि म्हणाली, "आबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. आजार खाद्याच्या गाडीतनं न्हाय आला. त्या बदकातनं आला आसंल. डॉक्टरबाईंनी मला तवाच सांगितलं हुतं."

आबांनी डालग्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी मीच."

"मी बी. दारावर कागद मीच लावला हुता. तुमाला बगितलं आन गप बसले."

"तात्याबाचा कोंबडा?"

तिनं मान हलवली.

"त्या मनिषाच्या कोंबड्या?"

तिला मान हलवणंही जमेना. छकुलीच्या हातातला झाडू खाली गेला. आबांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मला तवाच का न्हाय बोललीस, बाय?"

"तुमच्याकडं बगवंना, म्हनून."

"मेंढरू मेलं की आमी आधी त्याचं पोट फाडून बगायचो," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "कुनाला हौस न्हवती. पर कशानं मेलं ते कळाया पायजे. न्हाय कळलं तर मानूस त्याच हातानं दुसरं मारतोय. मेलेलं बगायचं बळ हाय गं माज्यात. तू मला आज दुसरं मारायला लावलं आसतंस."

नकोशी रडली. लहान पोरीसारखी, नाक ओढत, छकुलीसमोर. आबांनी हात तिच्या डोक्यापर्यंत नेला आणि मध्येच थांबवला; त्या हातानं त्यांनी बगळा उचलला होता. ते उठले, मोरीकडं गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुऊ लागले. धुऊन झाले तरी धूतच राहिले.

नकोशीनं रश्मीला फोन केला, तसं बगळ्याला नेणारं माणूस संध्याकाळी आलं. चार दिवसांनी रश्मीचा फोन आला, की बगळ्याला आजारबिजार काही नव्हता, पतंगाच्या मांज्यानं पंख कापला होता, बरा होईल. छकुलीची शेड सुखरूप होती. आबांनी फोन हातात घेऊन एकच विचारलं, "म्हंजी ह्याला मधी ठिवला आसता तर चाललं आसतं?"

"चाललं असतं, आबा," रश्मी म्हणाली. "पण वरनं बघून मलासुद्धा ओळखता आलं नसतं."

आबांनी बराच वेळ त्यावर विचार केला. वरकुट्याला परतल्यावर ते आधी तात्याबाकडं गेले आणि मग मनिषाकडं, आणि आपल्या तोंडानं सगळं सांगून आले. नकोशी बरोबर येते म्हणाली तर नको म्हणाले.

जूनमध्ये शेड पुन्हा भरली. पहिल्या पिलांतली पाच मनिषाला गेली आणि एक कोंबडा तात्याबाला. पाणी आता विहिरीचं, दाराशी औषधाच्या पाण्याचा टब, आत जायला वेगळे बूट. आबांनी माळ्यावरची वाघर काढून शेडच्या खिडक्यांना बांधली. तिच्या भोकांतनं चिमण्या आरामात ये-जा करू लागल्या, आणि रश्मी पहिल्यांदाच खळखळून हसली. मग बारीक जाळी आणावी लागली. सगळं आबांनी केलं, पण बाहेरनं. आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. पिलं आली तेव्हा नाही, पहिलं अंडं पडलं तेव्हाही नाही. नकोशीनं दहादा बोलावलं. "हितनं दिसतंय की," म्हणायचे, आणि जाळीशी डोळे लावून उभे राहायचे.

मग थंडी पडली, आणि उजनीवरनं बदकं आली.

त्या दुपारी नकोशीला तळ्याकडनं डब्याचा आवाज ऐकू आला. बघते तर आबा तळ्याच्या काठाला उभे, हातात तेलाचा रिकामा डबा, त्यावर काठीनं बडवतायत. बदकं उडायची, एक घिरटी घालून पुन्हा उतरायची. आबा पुन्हा बडवायचे. दगड मारत नव्हते. नुसते बडवत होते आणि बोलत होते.

"जावा बाबांनो. उजनीला जावा. तितं लई पानी हाय. राग न्हाय तुमच्यावर. लई लांबनं आलायसा, ठावं हाय मला... पर हितं नगा बसू. जावा."

ज्या माणसानं आयुष्यात आलेलं कोकरू हाकललं नाही, तो आज ठाण मांडून हाकलत होता. आणि रडत होता. नकोशीला ते बघवलं नाही, पण या वेळी तिनं बघितलं. बदकं उठून उजनीकडं दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

मग घरात जाऊन तिनं पलंगाखालची पिशवी काढली. इंदापूरच्या बाजारातनं आणलेले, आठ नंबरचे, रबरी बूट. दिवाळीपासून पडून होते. एक बादली पाणी आणि साबणाची वडी घेऊन ती तळ्याकडनं येणाऱ्या आबांच्या वाटेत आडवी बसली.

"पाय फुडं करा."

"काय चाललंय, बाय?"

"करा म्हनते ना."

तिनं त्यांच्या पायांतल्या वहाणा काढल्या. चाळीस वर्षांत घाट उतरून चढून दगडासारखे झालेले ते तळवे. तिनं ते घासून धुतले, बोटांच्या बेचक्यांतनं, टाचांच्या भेगांतनं. मग हात धुतले. सुती धोतर गुडघ्यापर्यंत खोवून दिलं आणि बूट चढवले. धोतरावर काळे बूट घालून आबा असे दिसत होते की दुसरा कुठला दिवस असता तर ती हसून लोळली असती.

"मी न्हाय येत आत," आबा म्हणाले. "माजा भरवसा न्हाय मला."

"मला हाय." तिनं त्यांना हाताला धरून टबात उभं केलं. औषधाचं पाणी बुटांवर चढलं. "कळपात आलेल्याला हाकलायचं न्हाय, आबा. हात-पाय धुऊन घ्यायचं, एवढंच."

तिनं आपलेही हात धुऊन बूट चढवले, दार उघडलं आणि जिभेनं टक्-टक् केलं. बाराशे माना वर झाल्या. आबा उंबऱ्यात थबकले, मग एकेक पाऊल टाकत आत गेले. ती त्यांना पार मध्यापर्यंत घेऊन गेली आणि हात सोडला. कोंबड्या आधी बाजूला सरल्या, मग एकेक करून जवळ आल्या, बुटांवर चोची मारून बघू लागल्या. थोड्या वेळात म्हाताऱ्याच्या चहूबाजूंनी त्याच होत्या, पायांना लागून, गुडघ्यापर्यंत.

आबा हलले नाहीत. खाली बघत उभे राहिले.

"लई ऊब हाय गं हितं," ते म्हणाले.

"व्हय," नकोशी म्हणाली, आणि खाद्याची बादली आणायला बाहेर गेली.